बाक

मी हा बाक केला त्याला अठरा वर्षं झाली.
ओकच्या फळ्या, भावाच्या कोठारातून मागून आणलेल्या.
चार पाय, त्यातला एक जरा आखूड,
त्याखाली तेव्हापासून पत्र्याची घडी.
अठरा वर्षांत त्यावर कुंड्या बसल्या,
मोड आलेले बटाटे बसले,
शेजारच्या लेम्बितचं एका कानाचं मांजर बसलं.
मिल्वी बसली नाही.

मेच्या मध्यावर ती तळघराच्या पायरीवरून पडली,
हातात काकडीच्या लोणच्याची बरणी.
बरणी शाबूत.
भेटायला येणाऱ्याला ती आधी हेच सांगते.
विल्यान्दीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सहा आठवडे.
मिल्वी म्हणाली, जूनमध्ये?
पाय नव्हे, जूनच मोडल्यासारखी.

तर आता ती बाकावर, टाच उपड्या बादलीवर,
प्लास्टरवर नातीनं काढलेली जांभळी गोगलगाय,
आणि मी गुडघ्यांवर, तिच्या हुकमाखाली.
"हेल्दुर, ते नाही. त्याच्या शेजारचं."
मी वाकतो. उपटतो.
"ती खसखस होती."
होती खरी.

तीन दिवस असे गेले.
चौथ्या दिवशी हुकूम येईना.
मला वाटलं, डोळा लागला असेल.
वळून बघतो तर टक्क जागी,
तोंड किंचित उघडं,
बाजारात हरवलेलं पोर मिठाईच्या दुकानासमोर थांबावं
आणि आईला हाक मारायची विसरावं, तशी.

मग मीही पाहिलं.
लायलॅक कुंपणावरून रस्त्यात वाकलेला,
टपाल घेऊन येणारी हेल्वे रोज त्याला सायकलवरून डोकं लववून जाते.
निळे आयरिस, ताठ, परीक्षेला बसल्यासारखे.
सफरचंदाच्या शेवटच्या पाकळ्या रुबार्बच्या पानांत साठलेल्या.
आणि पिओनीच्या बंद कळ्यांवर मुंग्यांची ये-जा,
लग्नघरी आचाऱ्याभोवती पोरं घुटमळावीत तशी,
काही उघडायच्या आधीच ओठ गोड.

"मला हे माहीतच नव्हतं," ती म्हणाली.
काय?
"हे सगळं. मी तीस वर्षं ह्या बागेला
मातीकडून ओळखते.
हिचं तोंड कधी पाहिलं नाही."

रात्री दहाला ऊन अजून विहिरीच्या काठावर.
इथला जूनचा सूर्य निघतो निघतो म्हणतो
आणि दारात चपला घालून तासभर बोलत राहतो.
मी पाव आणला, काळा, वर लोणी, वर कांद्याची पात.
डास आले, त्यांच्यासाठी ओल्या पाल्याचा धूर केला.
मग दुसरं काहीच करायचं उरलं नाही
म्हणून तिच्याशेजारी बसलो.

बाक कलला.
"हा हलतो," मिल्वी म्हणाली.
अठरा वर्षं हलतोय.
"मला कुणी सांगितलं नाही."

लायलॅकमध्ये बुलबुल ओरडत होता,
गात होता म्हणवत नाही, भांडत होता कुणाशी तरी जोरजोरात.
गवतात डँडेलियन पिकून पांढरे झालेले.
हीच ती जमात, जिच्यामागे ती दर वसंतात
सुरी घेऊन लागायची, मुळासकट, दया नाही.
तिनं हात लांबवला, एक खुडलं,
सुरीबिरी नाही,
आणि सरळ फुंकर मारली.

म्हाताऱ्या उडाल्या.
गाजरांच्या वाफ्यावरून, लेम्बितच्या कुंपणावरून,
एक येऊन टेकली प्लास्टरवर, गोगलगायीच्या पाठीशी.
मी झटकायला हात पुढे केला.
"राहू दे," ती म्हणाली. "बसू दे तिलाही."

आणि थोड्या वेळानं, अंधार पडता पडेना तेव्हा,
"खसखशीच्या जागी उद्या काय लावणारेस?"